उजव्या हाताने दाखवलेली वाट

१९ जानेवारी २०२५

ऐश्वर्या,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहायला बसलो आहे. ठेव. तीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. बाजूला ठेवलेला कागद कधी ना कधी कोणीतरी उघडतंच, एवढं मला कळतं.

माझा फोन तू उचलत नाहीस, आणि ते तुझ्या जागी बरोबर आहे. तीन वर्षांपूर्वी तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा "तुझ्या घरची वाट मला ठाऊक नाही" असं मीच दारात उभं राहून म्हणालो होतो. शब्द माझेच आहेत, नाकारत नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही. ते तुझ्या आईच्या सोयीसाठी आहे.

ऑगस्टात तुझं बाळंतपण आहे आणि तू फक्त आईला बोलावणार आहेस, हे मला कळलं आहे. ती तुझ्याशी बोलायला लागली की मी अंगणात जाऊन बसतो, आणि अंगणात सगळं ऐकू येतं. आता तूच विचार कर. ही बाई हिंगोलीच्या मोंढ्यात दोनदा चुकली आहे. ती एकटी नायजेरियात, एनुगूला येणार आणि तिथल्या लोकांना वाट विचारणार, ती कोणत्या भाषेत? तेव्हा घरातल्या कोणीतरी तिथली इग्बो भाषा निदान वाटेपुरती शिकणं भाग आहे. मी रिकामाच आहे.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. गेल्या मंगळवारी आईचा फोन वाजला आणि पडद्यावर ओबिन्नाची आई. दोघी विहिणी तीन वर्षं एकमेकींशी बोलतात, भाषा एकीचीही दुसरीला येत नाही, तरी अर्धा तास हसतात. मी फोन बंद करायला गेलो आणि बोट चुकीच्या जागी पडलं, असं समज. समोर डोक्याला निळं फडकं बांधलेली, चष्म्यातून बघणारी बाई. तिने विचारलं, "एबे का जनका नो?" जनका कुठे आहे, म्हणजे तुझी आई.

मी आमच्या खात्याच्या इंग्रजीत सांगितलं की सदर व्यक्ती जागेच्या पाठीमागील बाजूस आहे. ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला. मग निवृत्त मास्तरीणबाईंनी मला धडा दिला: "ओ नो नाझू उलो." ती घराच्या पाठीमागे आहे. माझ्याकडून सात वेळा म्हणवून घेतलं, आणि सातव्या वेळी तुझी आई शेळीला पाला टाकून खरंच पाठीमागून आली. मला फोनवर बघून म्हणाली, "तुमी काहून उचलला?"

मी म्हणालो, बोट चुकलं. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं आणि फोन काढून घेतला.

तब्येतीला जप.

नरसिंग पाईकराव (सही करायची सवय, जात नाही)

२ मार्च २०२५

ऐश्वर्या,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. मागितलंही नव्हतं.

शिकवणी जोरात आहे. मंगळवार आणि शनिवार, दुपारी चार. ओबिन्नाच्या आईला 'मामा ओबिन्ना' म्हणायचं असं ठरलं. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, तेव्हा पहिले दोन दिवस मला उगीच मांडवात उभं राहिल्यासारखं वाटलं. आता सवय झाली.

बाईची शिकवण्याची रीत मी उभ्या जन्मात पाहिली नाही. मी वही घेऊन बसलो तर म्हणाली, वही ठेव आणि उभा राहा. वाट बसून शिकता येत नाही. फोन हातात धरून मी अंगणात उभा. "गा निहू," पुढे जा. गेलो. "क्वुसी," थांब. हा शब्द मला उशिरा कळला आणि मी धुणं वाळत घातलेल्या तारेवर गेलो. शेजारचा धम्मदीप कुंपणावरून बघत होता. त्याने विचारलं, "काका, कोन्या भाषेत शेळी हाकून राहिले?" मी त्याला सांगितलं की शेळी मी हाकत नाही, शेळी मीच आहे. त्याला कळलं नाही, पण मामा ओबिन्नाला मी ते समजावून सांगितलं तेव्हा ती पुन्हा चष्मा काढून हसली.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. तू तिथे राहतेस, तुला त्याचं काही वाटत नसेल, पण मला फार वाटलं. तिच्या भाषेत माणूस कुठे आहे हे विचारायला एक शब्द आणि वस्तू कुठे आहे हे विचारायला दुसरा. आपल्याकडे दगडही 'आहे' आणि बापही 'आहे'. आणि 'पुढे' म्हणायला ते 'तोंडात' म्हणतात, 'मागे' म्हणायला 'पाठीत'. मी जन्मभर हद्दीच्या दगडापासून मोजत आलो. हे लोक माणसाच्या अंगापासून मोजतात. दगड एका रात्रीत सरकवलेले मी पाहिले आहेत. माणसाची पाठ कोण सरकवणार? मोजणीवाला म्हणून सांगतो, ही पद्धत आमच्या खात्यापेक्षा शहाणी आहे.

उगवत आणि मावळत मात्र बराबर आपल्यासारखीच. सूर्य वर येतो ती बाजू, सूर्य पडतो ती बाजू. हे शिकलो त्या दिवशी फार आनंद झाला, काहून ते माहीत नाही.

तुमच्या घराची वाटही आता मला पाठ आहे. मोठ्या रस्त्याला उतरायचं. चर्चपर्यंत तोंडासमोर जायचं. पुढे आंब्याचं झाड. त्याच्याखाली वाट फुटते. तिथे डाव्या हाताला वळलं की निळं फाटक, तेच घर. उजवीकडे काय आहे ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोजणीवाल्याने चारही बाजू विचारायच्या असतात. म्हातारपण, दुसरं काय.

आईचा पासपोर्ट झाला. ती कचेरीत बावरली होती म्हणून सोबत म्हणून मीही माझा अर्ज भरला. दोघांचेही आले. माझा कपाटात ठेवला आहे, कागदपत्र आहे, असू द्यावं.

नरसिंग पाईकराव

२० एप्रिल २०२५

ऐशू,

जयंती झाली, वस्तीत यंदा कमान चांगली केली होती. हे मी उगीच लिहितो आहे. लिहायचं वेगळंच आहे आणि पाच दिवस झाले, पेन उघडून बंद करतो आहे.

गेल्या मंगळवारी उजवं-डावं शिकवायचं होतं. 'आका न्री' उजवा हात, 'आका एक्पे' डावा. मामा ओबिन्नाने विचारलं, तुझ्या घराचं दार कुठे आहे? माझ्या उजव्या हातात चहाचा ग्लास होता. मी डावा हात लांब करून दार दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, ग्लास खाली ठेव. डाव्या हाताने वाट दाखवायची नसते. आमच्या घरात मूल बोलायला लागायच्या आधी हे शिकतं. डाव्या हाताने दाखवलेली वाट म्हणजे न दिलेली वाट.

मग तिने मला एक गोष्ट सांगितली. हळू, सोप्या इंग्रजीत, मधेमधे मी शिकलेले शब्द घालून, म्हणजे मला एकही शब्द सुटू नये.

ती म्हणाली, माझा मुलगा भारतात शिकत होता. एका मुलीच्या घरी तिला मागणी घालायला निघाला. एका नाक्यावर बसमधून उतरला. तिथे एक वडीलधारा माणूस चहा पीत बसला होता. मुलाने त्याला वाट विचारली. त्या माणसाने डाव्या हाताने वाट दाखवली.

ऐशू, तो माणूस मी होतो.

आता सगळं सांगतो. त्या दिवशी, जानेवारीतल्या त्या रविवारी, तू स्वयंपाकघरात होतीस आणि घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी दही आणायला म्हणून कनेरगाव नाक्यावर गेलो. ढाब्यावर शेषराव भेटला. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "पाईकराव, तुमचे जावई इमानातून उतरनार का यष्टीतून?" सगळे हसले. मीही हसलो. हे तुला सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते, की मीही हसलो.

तेवढ्यात हिंगोलीकडून बस आली. दोनला यायचा तो पोरगा बाराच्याच बसने आला. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा खोका. ढाब्यावरची सगळी डोकी वळली. तो इतक्या माणसांतून सरळ माझ्याकडे आला, कारण तिथे वयाने मीच मोठा होतो. थोडा वाकला आणि मराठीत, तू पाठ करून दिलेल्या मराठीत, म्हणाला, "काका, नरसिंग पाईकराव यांचं घर कुठं आहे?"

एक अक्षर चुकलं नव्हतं.

मी डावा हात वाशीमच्या रस्त्याकडे लांब केला आणि म्हणालो, "सरळ जा. चार किलोमीटर." घर उलट्या बाजूला, चालत दहा मिनिटांवर.

तो "धन्यवाद काका" म्हणाला आणि चालू लागला. मी दही न घेता हिंगोलीला निघून गेलो. कचेरीचं काम होतं असं तुला सांगितलं. रविवारी कसलं कचेरीचं काम. संध्याकाळी आलो तेव्हा पाहुणे जेवून गेले होते, तो कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून येऊन, तुझ्याशी बोलून परतही गेला होता, आणि तू रडत होतीस. तेव्हा मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल: "ज्याला घर सापडत नाही, तो संसार काय करनार?" दुसऱ्या दिवशी तू गेलीस. पुण्यातल्या लग्नाला मी आलो नाही.

माझे आजोबा बाजाराला जाताना गावातून जात नसत, ओढ्याच्या काठाने वळसा घालून जात. ती वाट त्यांना कोणीतरी हात लांब करूनच दाखवलेली होती. ते दुःख ऐकत मी मोठा झालो. म्हणून मोजणी खात्यात लागलो, म्हणून कधी कुणाची हद्द बोटभर चुकवली नाही. तीस वर्षांत एकही खोटी खूण नाही, हे मी ऐटीत सांगत फिरलो. आणि एका परक्या लेकराने माझ्याच भाषेत माझंच घर विचारलं, तर मी त्याला रान दाखवलं. रंग बघून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

आता पुढचं ऐक, कारण हे तुलाही माहीत नाही. ओबिन्नाला त्याच क्षणी कळलं होतं. हाताकडे बघून. तो आईला म्हणाला, ही वाट मला दिलेली नाही हे मला दिसलं, पण तो माणूस माझ्या बापाच्या वयाचा होता. त्याने दाखवलेल्या वाटेवरून त्याच्या डोळ्यांदेखत माघारी फिरलो असतो तर चार माणसांत त्याची लाज गेली असती. म्हणून मी दिसेनासा होईपर्यंत चालत गेलो. मग मलाच लाज वाटली आणि आणखी चालत गेलो.

नंतर आपल्या घरात भिंतीवर त्याने माझा फोटो पाहिला. तुला तो काही बोलला नाही. तीन वर्षं बोलला नाही. वाट चुकली, एवढंच म्हणाला, आणि चुकल्याचा दोष स्वतःवर घेतला.

म्हणजे मामा ओबिन्नाला मी पहिल्या दिवशी फोन उचलला तेव्हापासून माहीत होतं मी कोण ते. तरी तिने मला सात वेळा 'घराच्या पाठीमागे' म्हणायला लावलं, तारेवर आदळलो तेव्हा "लागलं का" विचारलं. अशी माणसं मी पाहिली नव्हती, ऐशू. ऐकली होती, विहारात, वंदनेच्या वेळी. पाहिली नव्हती.

मी तिला म्हणालो, "ओ बू म." तो मीच. ती म्हणाली, मला माहीत आहे. मी विचारलं, ऐश्वर्याला? ती म्हणाली, मी सांगणार नाही, ओबिन्नाही सांगणार नाही. ज्याने वाट दाखवली त्याने सांगावं.

मी तिला विनंती केली की माफी मागायचं वाक्य शिकव. ती म्हणाली, ते वाटांच्या धड्यात येत नाही. तरी शिकवलं. अवघड आहे. 'ग्ब' हा आवाज माझ्या तोंडात बसत नाही. रोज म्हणतो आहे.

हे पत्र टाकलं नाही तर कदाचित बाळाच्या नावाने तू मला कधीतरी बोलावशील. टाकल्यावर बोलावशील असं नाही. तरी उद्या हिंगोलीला जाऊन टाकतो.

अप्पा

१५ जून २०२५

ऐशू,

पत्र मिळालं असावं. आईला तू काही बोलली नाहीस असं ती म्हणते. पण मागच्या आठवड्यात फोन झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मले सांगाले काय झालं होतं तुमाले?" तेव्हा तू वाचलं आहेस हे कळलं. मी तिला सगळं सांगितलं. ती उठली, भाकरी टाकल्या, मला वाढल्या आणि स्वतः जेवली नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला तेव्हा तिने तो आणून माझ्या हातात दिला. म्हणाली, "उजव्या हातानं धरा."

पीतज्वराची लस घ्यायला तिला नागपूरला नेलं. सुईला घाबरते म्हणून सोबत म्हणून मीही घेतली. आता एवढं सगळं सोबत म्हणून केल्यावर तुला वेगळं काय सांगू? खरं लिहितो. पहिल्या दिवसापासून मला यायचं आहे. तुझ्या आईला वाटा कळत नाहीत हे खोटं आहे. मोंढ्यात चुकलो होतो तो मी, दोन्ही वेळा तिनेच शोधून आणलं.

तू बोलावलं नाहीस तर येणार नाही. तुझ्या आईला मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडेन आणि परत फिरेन.

अप्पा

६ जुलै २०२५

ऐशू,

तुझा आवाज आला. आईच्या फोनवर नाही, माझ्या फोनवर. चाळीस सेकंद. अकरा वेळा ऐकला, मग आईला ऐकवला, मग पुन्हा ऐकला.

त्यात 'अप्पा' नाही, जय भीम नाही, मराठीचा एक शब्द नाही. फक्त वाट. इग्बोत. मोठ्या रस्त्याला उतरा, चर्चपर्यंत पुढे जा, आंब्याखाली थांबा. मला सगळं समजलं. कुणाला न विचारता समजलं. तीन वर्षांनी लेकीचा आवाज ऐकावा आणि तो परक्या भाषेत असूनही त्यातलं अक्षर न अक्षर कळावं, यापेक्षा मोठी परीक्षा मी कधी पास झालेलो नाही. आणि तू किती सुंदर बोलतेस ती भाषा. मी अजून एकेक शब्द ठेचकाळत जातो, तू त्यात लहानाची मोठी झाल्यासारखी बोलतेस.

मग शेवटचं वाक्य ऐकलं. आंब्यापासून 'आका न्री'. उजव्या हाताला वळा.

घर डावीकडे आहे. निळं फाटक डावीकडे आहे, हे मला मार्चपासून पाठ आहे. माझी लेक आहेस, तुझी जीभ इतकी चुकायची नाही. तेव्हा समजलो. मी ओबिन्नाला दिली ती वाट तू मला परत दिलीस. खरं सांगतो, थोडा राग आला. मग बसून विचार केला आणि ठरवलं की जायचं. तू दाखवलीस तिकडेच, उजवीकडे, वाट संपेल तिथपर्यंत, तो गेला तसा, माघारी न बघता. तिकडे रान असलं तरी.

काल शनिवार होता. चार वाजता मी मामा ओबिन्नाला तो प्रश्न विचारला, जो मोजणीवाल्याने मार्चमध्येच विचारायला हवा होता. आंब्याच्या उजवीकडे काय आहे?

तिने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांना लावला. म्हणाली, ओबिन्नाचं औषधांचं दुकान.

मी फोन तुझ्या आईच्या हातात दिला आणि दोघी नेहमीसारख्या काहीही न समजता बोलत राहिल्या.

बराबर आहे, ऐशू. खाडाखोड करायला जागा ठेवली नाहीस. घर नंतर, आधी तो.

तिकिटं दोन झाली आहेत. नऊ ऑगस्टला पोचतो. आंब्याखाली आलो की तुझी आई डावीकडे वळेल. मी उजवीकडे जाईन. दुकानात ओबिन्नासमोर उभा राहीन, आधी शिकलेलं ते अवघड वाक्य म्हणेन, 'ग्ब' जमला नाही तरी म्हणेन. मग त्याच्या भाषेत विचारेन, "एबे का उलो ओबिन्ना दी?" ओबिन्नाचं घर कुठं आहे?

तो ज्या हाताने दाखवील, त्या वाटेने जाईन.

अप्पा